पाँपेईच्या पेठेंतील मूर्ति आणि तेर

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच प्राचीन तगर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं साधार प्रतिपादन केल्यापासून तो वाद बहुतेक मिटला आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथाचा अज्ञात कर्ता सांगतो कीं, पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर असून तेथील जाडेंभरडें कापड, मलमल इत्यादि माल गाड्यांवर लादून भडोचेस नेतात.

या तगराचा संबंध एका दूरच्या पेठेशीं जोडण्यांत आला आहे. इटलींतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. तेथील हमरस्त्यावर दोहों बाजूंस दुकानें, खाणावळी व कापड धुण्याचे कारखाने यांची रांग लागलेली आहे. भर वर्दळीच्या जागीं एक दगडी हौद असून त्याच्या तोटीच्या दगडावर देवतेचें मुख व फळांचें शिंग कोरलें आहे. पुढील काळीं तिला समृद्धिदेवता समजून त्या रस्त्यासच 'समृद्धीचा रस्ता' असें नांव पडलें. वस्तुतः ती ऐक्यदेवता काँकॉर्दिया होय, असें पुढें ठरलें. परंतु रस्त्याचें नांव कांहीं बदललें नाहीं!

नेमका तसाच प्रकार आपल्या मूर्तीचा झाला. याच रस्त्यावरील एका घरांत १९३८ सालीं मैउरी यांस सुमारें २४ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. अंगावर दागिन्यांची रेलचेल, दोहों बाजूंस लहान दासी; घडण निःसंशय हिंदुस्थानी. लगेच तिचें नांव 'लक्ष्मी' ठेवण्यांत आलें. तिच्या हातीं कमळ नाहीं कीं शेजारीं हत्ती नाहींत. तेव्हां तिला यक्षी म्हणणेंच अधिक सयुक्तिक. डोक्यांतून खालीं छिद्र पाडलें असल्यामुळें ती आरशाची मूठ अथवा तिवईचा पाय असावी.

तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतहि हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. दोहोंचें साम्य पाहून पाँपेईची मूर्ति तगरच्याच कारागिरांनीं घडविली, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांसहि झाला होता. परंतु पाँपेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपि वायव्येकडील. शिवाय जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननांतहि त्याच धर्तीची भग्न हस्तिदंती आकृति मिळाली. तेव्हां मूर्ति दक्षिणेंतील असणें संभवनीय, इतकेंच आम्ही म्हणूं. गांव सांगणार नाहीं.

अडचण खरी आहे ती निराळीच. भोकरदनची आकृति उत्खननांत मिळाली. तेरची मात्र संग्राहकाच्या हातून आली. चापेकर यांनीं १९५८ सालीं तेर येथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें, पण त्यापूर्वीं व नंतरहि पांढरींतून वेंचलेले मणी, मातीच्या बाहुल्या व नाणीं किती पेट्यांत पडलीं असतील! लामतुरे यांनीं आपला संग्रह गांवांतच राखला म्हणून तेरचें वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. अशा वस्तु ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तूर्त वस्तूचें नांव ठरवूं नये. ती कोणत्या पांढरींत, कोणत्या शेतांत, किती खोलीवर व कशाच्या शेजारीं मिळाली, एवढें आजच कागदावर टिपून तो कागद वस्तूबरोबर ठेवावा.