दोघे हंटर बंधु आणि डोक्यावरील गांठ

डोक्याला मार लागतो, जखम भरून येते, आणि कांहीं महिन्यांनीं अथवा वर्षांनीं त्याच जागीं कातडीखालीं वेडीवांकडी, मऊ गांठ उठते. बोट ठेवावें तर ती नाडीप्रमाणें उडते. कान लावावा तर आंत घरघर ऐकूं येते. माराच्या योगानें हृदयाकडून येणारी रोहिणी व हृदयाकडे जाणारी नीला यांचीं तोंडें परस्परांस जुळलीं, म्हणजे रोहिणीचें जोरदार रक्त केशवाहिन्यांची वाट सोडून थेट नीलेंत शिरतें आणि तिच्या पातळ भिंती फुगत जातात.

ह्या विकाराचें मर्म उलगडलें तें मात्र कोपरावर. रक्तमोक्षण करतांना वैद्याचें शस्त्र कधींकधीं नीलेंतून आरपार जाऊन खालच्या रोहिणीस भोंक पाडी. अशा रोग्यांवरून विल्यम हंटर ह्यानें १७५७ सालीं लंडन येथें ह्या जोडाचें वर्णन प्रसिद्ध केलें.

त्याचा धाकटा बंधु जॉन ह्यानें १७८५ सालीं एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील रोहिणीच्या फुगवट्यावर निराळाच उपाय योजिला. गांठीस हात न लावतां त्यानें वर मांडींतील रोहिणी बांधली. रोगी वांचला, पायहि वांचला. पुढें १८०८ सालीं ॲस्टली कूपर ह्यानें मानेंतील रोहिणी बांधून तेथील फुगवटा बरा केला. तेव्हां डोक्यावरील गांठीसहि तोच मार्ग खुला झाला असें वाटणें साहजिक होतें.

परंतु धाकट्याची युक्ति थोरल्याच्या रोगास लागू पडेना. डोक्याच्या कातडीस प्रत्येक बाजूनें पांच रोहिण्या रक्त पुरवितात, आणि त्यांच्या फांद्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक बांधली कीं दुसरी तिचें काम करूं लागते व गांठ पुन्हा उडूं लागते. शिवाय मानेंतील रोहिणी बांधल्यानें अर्धांगवायूचें भय असे तें निराळेंच. फुटलेल्या पाटाचें पाणी वरचा एक ओढा अडवून थांबत नाहीं. भगदाडच बुजवावें लागतें.

१९२७ सालीं लिस्बन येथें एगास मोनिझ ह्यानें जिवंत मनुष्याच्या मस्तकांतील रोहिण्या क्ष-किरणांनीं दाखविण्याची रीति काढली. आज शस्त्रवैद्य अशा चित्रांवरून सर्व वाटा पाहून समग्र जाळें कापून काढतो, अथवा बारीक नळीनें किंवा सुईनें जोडाच्या जागींच घट्ट होणारें द्रव्य सोडून तो बुजवितो.

जॉनचा उपाय त्याच्या रोगापुरता खराच होता. यशाच्या भरांत तो भलत्याच रोगास लावला गेला, आणि त्याचें प्रायश्चित्त रोग्यांस भोगावें लागलें.