ताणा नसलेल्या विणीत रेशमाची जागा

रेशमाचे काम दुसऱ्या धाग्यावर कसे सोपवावे, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या मागांनी फार पूर्वीच हाताळला आहे. हिमरूत उभा ताणा सुताचा, तर नक्षीचा आडवा बाणा रेशमाचा. मशरूत उलट: ताणा रेशमी, बाणा सुती, साटीनच्या विणीमुळे रेशीम दर्शनी बाजूला राहते आणि सूत अंगाकडे. निखळ रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये, या मुस्लिम धर्मसंकेताशी मशरूची ही रचना जोडली जाते. पुढे हिमरूतल्या रेशमाची जागा बऱ्याच प्रमाणात आर्ट सिल्कने, म्हणजे व्हिस्कोस रेयॉनने घेतली. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज विरघळवून, बारीक छिद्रांतून ओढून हा धागा काढतात. आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला तो बनतो.

मागावर जमले ते सुयांवर किंवा क्रोशावर जमेलच असे नाही, आणि याचे कारण धाग्यापेक्षा विणीत आहे. मागावरच्या कापडात भार वाहतो ताणा; नक्षीच्या बाण्याने चमकावे एवढीच अपेक्षा असते. हाताच्या विणकामात ताणाच नाही. एकच धागा फास घेत जातो. प्रत्येक टाका वरच्या टाक्याला लटकतो आणि खालच्या सगळ्यांचे वजन पेलतो. म्हणून इथे चमकेइतकीच ताणल्यावर पुन्हा आकसण्याची क्षमता मोलाची ठरते. रेशीम तुटण्याआधी साधारण वीस टक्के लांबते आणि लहानसहान ताणातून चांगले सावरते. कापूस पाच ते दहा टक्क्यांतच तुटतो. व्हिस्कोस लांबते खरे, पण पूर्ववत होत नाही. शिवाय ओले झाले की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. त्यात वजनाची भर पडते. रेशमाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.३ ग्रॅम, कापूस आणि व्हिस्कोसची सुमारे १.५. त्यांच्या तेवढ्याच जाडीच्या धाग्याची शाल रेशमी शालीपेक्षा साधारण सातव्या हिश्शाने जड होते. धुऊन दोरीवर टाकली की ती लांबत आणि अरुंद होत जाते.

चमकेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. रेशमाचा तंतू आडवा कापला तर गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण दिसतो आणि त्याच्या गुळगुळीत बाजूंवरून प्रकाश परततो. कापसाचा तंतू चपटा, पीळ पडलेल्या फितीसारखा असतो. १८४४मध्ये जॉन मर्सर यांना दिसले की कॉस्टिक सोड्यात तो फुगून गोल होतो. १८९०च्या सुमारास होरेस लो यांनी हीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि चकाकी आली. क्रोशासाठी मिळणारा मर्सराइज्ड दोरा तो हाच. कापूस ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, त्यामुळे लेस, रुमाल, तोरण, ताटावरचे झाकण यांसाठी मी दुसरे काही सुचवणार नाही. रेशमाचा मऊ ओघळ मात्र त्यात नाही.

तो ओघळ लायोसेलमध्ये बराचसा सापडतो. हेही लाकडाचेच सेल्युलोज, पण ओलेपणी व्हिस्कोसपेक्षा पुष्कळ टिकाऊ, आणि त्याचे द्रावक जवळजवळ पूर्ण परत मिळवून पुन्हा वापरले जाते. व्हिस्कोससाठी कार्बन डायसल्फाइड लागते आणि ते कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक ठरू शकते. जालन्याच्या कोश बाजारात येणाऱ्या कोशातला जीव वाचावा म्हणून जे रेशीम सोडतात, त्यांनी कामगारांचा जीवही हिशेबात धरला पाहिजे. लायोसेलचा दोष म्हणजे घासले की त्याला बारीक लव सुटते.

‘बांबू’ अशी चिठ्ठी लावलेला मऊ धागा बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोसच असतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९मध्ये अशा नावाने माल विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. केळीच्या सोपांतून निघणारा खरा तंतू राठ असतो. पिशवीला उत्तम, गळ्याशी नको.

मग शाल किंवा ब्लाउज कशाचे विणावे? मला हिमरूचा न्याय इथेही लागू करावासा वाटतो: भार एका धाग्याला, दर्शन दुसऱ्याला. लायोसेलच्या जोडीने मर्सराइज्ड सुताचा बारीक धागा एकत्र घेऊन विणावे. कमी ताणणारे सूत लांबण्याला आवर घालते. खांद्याच्या शिवणीत सुती फीत घालावी. सुया नेहमीपेक्षा बारीक घ्याव्यात. क्रोशात उंच खांबांऐवजी मुके खांब घेतले तर वीण कमी ओघळते, पण कापड जाड होते. म्हणून तलम शालीत खांब ठेवून लांबीच मुळात कमी धरलेली बरी. ती किती कमी धरायची हे नमुना सांगतो. वीतभर चौकोन विणावा, धुवावा, ओला असताना चिमट्यांनी टांगून रात्रभर ठेवावा आणि वाळल्यावर तसाच टांगलेला मोजावा. टाक्यांचा आणि ओळींचा हिशेब या मापावरून करावा.