बोर्डावरचं नाव



शिरूरहून न्हावरा, पारगाव, केडगाव करत एस.टी. खाली आली की चौफुला लागतो. तिथं पुणे-सोलापूर रस्ता आडवा जातो, आणि सरळ गेलं की सुपे, मोरगाव. या चौकाच्या आसपास कला केंद्रांचे मोठाले बोर्ड आहेत. नऊवारीतल्या बायकांचे फोटो आणि खाली नावं, अमुकबाई तमुकगावकर पार्टी. एस.टी.च्या खिडकीतून हे बोर्ड आपण सगळ्यांनी वाचलेत. शेजारी सासूबाई असल्या तर न वाचल्यासारखं केलंय.

आज त्या नावांबद्दल बोलायचंय. कारण बोर्डावरचं ते नाव बहुतेक वेळा मालकिणीचं असतं. आपल्या आज्यांच्या नावावर अर्धा गुंठासुद्धा नव्हता, त्या काळात या बायका स्वतःच्या नावानं धंदा चालवत होत्या, माणसं कामाला ठेवत होत्या आणि हाताखाली मुली तयार करत होत्या. आम्ही गटातल्या पाचसहा जणींनी हा इतिहास गोळा करायला घेतला तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "दुसरा विषय मिळाला नाही का?" मिळाला असता. पण शिकवणारी बाई आणि पगार देणारी बाई एकच असली की शिकणारीचं काय होतं, हे बघायला याहून जवळचं ठिकाण आपल्याला नाही.

आधी एक फरक सांगून ठेवतो. जत्रेला तंबू घेऊन येतो तो ढोलकीफडाचा तमाशा. त्यात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी रात्र सरेपर्यंत चालणारा वग. चौफुल्याला असते ती संगीत बारी. एका थिएटरात चारसहा पार्ट्या मुक्कामाला असतात आणि आपापली पाळी, म्हणजे बारी, आली की स्टेजवर जातात. पार्टीत नाचणाऱ्या मुली, गाणारी, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. तिथं वग नाही, लावणी आणि अदाकारी. फड फिरता, बारी बसती.

तमाशात बाई फार उशिरा आली. पूर्वी बायकांची कामं नाच्या पोऱ्या करायचा. संगमनेरकडच्या हिवरगावची पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली, आणि तमाशातली पहिली मोठी स्त्री कलावंत म्हणून आजही तिचंच नाव घेतात. बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मणाच्या घरचे, आणि पवळा महार समाजातली. त्या काळी यावरून केवढं वादळ उठलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पण फडाचे मालक तेव्हाही पुरुषच होते. बाई मालकीण झाली ती पुढच्या दोन पिढ्यांत.

त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव विठाबाई नारायणगावकर. शिरूरहून नारायणगाव काही फार लांब नाही, आपल्याकडच्या कितीतरी जत्रांच्या सुपाऱ्या तिथंच ठरतात. विठाबाईंचा जन्म १९३५चा. वडील भाऊ आणि चुलते बापू या दोघांचा फड होता, तिथंच त्या लहानपणी शिकल्या आणि पुढं स्वतः फड चालवला. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान मिळाला. त्यांची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दिवस भरलेले असताना त्या स्टेजवर नाचत होत्या. कळा आल्या म्हणून मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या. तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला.

ही गोष्ट सांगताना पुरुष मंडळींचा आवाज भरून येतो. आम्हालाही अभिमान वाटतो. पण बाईमाणूस म्हणून आम्हाला दुसरंच विचारावंसं वाटतं. नवव्या महिन्यात त्या स्टेजवर होत्याच का? त्याचं उत्तर फडाच्या हिशेबात आहे.

हा हिशेब आपल्या दौंड-शिरूरच्या बायकांना समजवायला नको, कारण आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या याच पद्धतीनं. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा करून परततो. पावसाळ्यात कमाई नाही. तेवढ्या काळात कलावंतांना घर चालवायला मालक पैसे देतो, ती उचल. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं आजारपण, सगळं त्या उचलीतून. मग ती व्यक्ती हंगामभर बांधली गेली. आणि मालकीण हे पैसे आणते कुठून? ती सावकाराकडून आणते, व्याजानं. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात. एक सुपारी मोडली तरी गावच्या पंचांचा रोष, सावकाराचा तगादा आणि शंभर माणसांच्या जेवणाचा प्रश्न एकदमच उभा राहतो. म्हणून त्या रात्री विठाबाई स्टेजवर होत्या. मालकीण होती म्हणून तिला सुट्टी होती असं नाही, उलट मालकीण होती म्हणूनच नव्हती.

आणि त्या फडातल्या लहान मुली काय शिकल्या असतील? नाच तर शिकल्याच. पण कळा सोसून उभं राहायचं असतं, हेही शिकल्या. अशी शिकवण कौतुकाची मानावी का, यावर आमच्यात दोन तट पडले. एकजण म्हणाली, आपल्या आया नाही का बाळंतपणाच्या आदल्या दिवशी खुरपायला गेल्या? दुसरी म्हणाली, गेल्या, पण ते मुलींनी उचलावं असं त्यांना वाटत नव्हतं.

विठाबाईंच्या मुलींपैकी मंगला बनसोडे आईच्या हाताखाली तयार झाल्या आणि त्यांनी स्वतःचा फड काढला. मुलगी आईपासून वेगळी होऊन आपलं नाव लावते, हे तमाशात नवीन नाही आणि सोपंही नाही. पण शिकवण पूर्ण झाली याची ती एक खूण आहे. विठाबाईंचे शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले. जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या. दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना पदर पसरावा लागला. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. मेल्यावरचा मान म्हणतात तो हाच.

दुसरं नाव कांताबाई सातारकर. जन्म १९३९चा, गुजरातेत, आईबाप दगडाच्या खाणीवर मजुरी करायचे. साताऱ्यात वाढल्या, नाच शिकल्या, तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या आणि त्यांच्याशीच संसार मांडला. त्या बाईनं पुरुषाचीही कामं केली, अंगावर शिवाजी महाराजांचा वेश चढवून. १९६४ साली खेडकर गेले. पदरात लहान मुलं, आणि फड हातचा गेलेला. काही वर्षं दुसऱ्यांच्या फडात राबून त्यांनी पुन्हा स्वतःचा फड उभा केला. मुलगा रघुवीर मोठा झाल्यावर फडाचं नाव पडलं, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. त्या 'सह'वर आम्ही बराच वेळ बोललो. फड उभा केला आईनं आणि नाव आलं मागून. पण आईनंच ते तसं लावलं असेल, पोराला उभं करायचं म्हणून. आपणही दुकान काढतो तेव्हा पाटीवर कुणाचं नाव टाकतो, आठवून बघा. कांताबाई मे २०२१ मध्ये कोरोनात गेल्या.

कोरोनाचं निघालंच आहे तर सांगतो. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देश बंद झाला तोही त्याच दिवशी. पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला येतात, वर्षाची खरी कमाई तिथून पुढं. उचल वाटून झालेली, व्याज चालू आणि जत्रा सगळ्या बंद. पुढच्या वर्षीही तेच. कितीतरी फडांच्या गाड्या जागेवरच उभ्या राहिल्या. आपल्या गटाचे हप्ते तेव्हा थकले होते ना, तसंच, फक्त आकडा मोठा.

आता चौफुल्याकडं येऊ. बारीत मुलीला शिकवतात कसं, हे पुस्तकात फारसं सापडत नाही. आमच्यातल्या एकीच्या ओळखीनं त्या बाजूला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या मालकीणबाईंकडं गेलो. "माझं नाव घालू नका बाई, नातीचं लग्न व्हायचंय," असं आधीच बजावलं त्यांनी. मग चहा टाकला.

मावशी म्हणाल्या, पहिले कितीतरी महिने मुलीला गाणं नाही, हावभाव नाही, नुसता पाय. ढोलकी वाजते आणि ती एका जागी उभी राहून पाय टाकते. घुंगरांचं वजन दोन्ही पायांत मिळून काही किलोंचं असतं. ते घेऊन चालता आलं पाहिजे, मग नाच. ताल चुकला की ढोलकीवाला थांबतो, ओरडत नाही. थांबणं हीच शिक्षा. त्यानंतर नऊवारी, कारण ती सुटता कामा नये आणि श्वासही कोंडता कामा नये. बसून अदा करायची लावणी सगळ्यांत शेवटी. "उभ्यानं नाचणारी तीन वर्षांत तयार होते. बसून नुसत्या डोळ्यांनी लावणी सांगणारी व्हायला अर्धं आयुष्य जातं," असं मावशींचं म्हणणं. त्यांच्या पार्टीत अक्षर न येणाऱ्या मुली लांबलचक लावण्या तोंडपाठ म्हणायच्या, पेटीमास्तरांच्या मागं म्हणून म्हणून.

आम्ही विचारलं, आणि पैशाचं? त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, आपल्या मालकिणीनं आपल्याला नाच शिकवला पण वही कधी दाखवली नाही. उचल किती, फिटली किती, कळायचंच नाही. पार्टी काढली तेव्हा त्यांनी ठरवलं की महिन्याच्या महिन्याला मुलीनं स्वतःचे पैसे स्वतः मोजायचे, आणि मोजता येत नसेल तर आधी ते शिकायचं. त्यावरून इतर मालकिणींनी त्यांना नावं ठेवली. मोजायला शिकलेली मुलगी टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. "खरंच होतं ते. दोघी गेल्या सोडून. एकीनं माझ्यासमोरच बोर्ड लावला."

राग आला का?

"आला की. आठ दिवस बोलले नाही. मग तिच्या पहिल्या बारीला जाऊन बसले."

हे ऐकून सगळं गोड आहे असं समजू नका. कोल्हाटी समाजातल्या मुलींच्या वाट्याला बारीत काय यायचं, ते किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या पुस्तकात लिहून ठेवलंय. १९९४ साली आलेलं पुस्तक आहे. आई शांताबाई नाचणारी, मुलगा शिकून डॉक्टर झाला आणि नावात आईचं नाव लावलं. मुलगी वयात आली की तिचा चिरा उतरवायचा, म्हणजे पैसेवाल्या माणसाशी तिची गाठ घालायची, आणि मग तिच्या कमाईवर बाप-भाऊ बसून खायचे. ज्या घरात मुलगी जन्मली की पेढे वाटायचे, ते पेढे कशाचे होते हे त्या पुस्तकात कळतं. मालकीण बहुतेक वेळा मुलीची मावशी, आत्या, कधी आईच. म्हणजे गुरू घरातलीच, सावकार घरातलाच, आणि पळून जायला घर नाही. चौदा वर्षांखालच्या पोरीला असं कामाला लावणं आज कायद्यानं गुन्हा आहे. मावशींना आम्ही त्यांचं स्वतःचं वय विचारलं, पार्टीत आल्या तेव्हाचं. त्यांनी हात जमिनीपासून वर धरून दाखवला. कमरेच्याही खाली.

याच रस्त्यावर, चौफुल्याच्या अलीकडं, केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या काळात निराधार मुलींसाठी मुक्ती सदन उभं केलं होतं. तिथंही मुलींना काम शिकवायचे, विणकाम, छापखाना. त्या जागेला शाळेच्या सहली जातात. दोन्ही ठिकाणं एकसारखी नाहीत, हे आम्हाला कळतं. तरी एवढ्याशा अंतरात मुलींच्या हाताला काम देणाऱ्या दोन जागा, आणि त्यातली एक पुस्तकात, एक चोरून बघायच्या बोर्डावर, हे जाणवल्याशिवाय राहिलं नाही.

शिरूरच्या बाजूला कवठे यमाई आहे. बी. के. मोमीन कवठेकर त्याच गावचे. मुसलमान घरातला हा माणूस जन्मभर फडांसाठी गण, गवळणी, लावण्या, वग लिहीत राहिला. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार त्यांनाही मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते गेले. नवी मुलगी फडावर आली की तिच्या तोंडी घालायला नवे शब्द लागतात, ते लिहून देणारेही तिचे मास्तरच. त्यांचं नाव बोर्डावर सहसा येत नाही.

आता जत्रेला ऑर्केस्ट्रा येतो, लावणीचे शो येतात, गाणं मोबाईलवर लागतं. स्टेजवरच्या मुलीला ढोलकीवाला थांबून दाखवत नाही, कारण ढोलकीवालाच नाही. तिला उचलीची वहीही नसेल, म्हणजे तेवढी सुटका. पण आजारी पडली तर तिच्याकडं बघणारी मालकीणही नसते. ठेकेदार दर शोचे पैसे देतो आणि गाडी पुढच्या गावाला जाते.

निघताना मावशींनी पत्र्याच्या डब्यातून घुंगरू काढून दाखवले. बाजरीच्या डब्याशेजारीच ठेवलेत. नात शाळेच्या गॅदरिंगला लावणी करणार आहे, तिला पाय शिकवताहेत. नातीच्या आईला ते आवडलेलं नाही. मावशींनी तिला सांगितलंय, पाय शिकेल आणि पाढेही शिकेल, दोन्ही माझ्यासमोर. आम्ही दारात चपला घालत होतो तेव्हा आतून पाढे ऐकू येत होते. सत्ताविसाच्या पाढ्यात पोरगी अडली आणि मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या.