विधी राहिला, संसार झाला

सिल्वासाजवळील किलवणी असो वा सीमेपलीकडील तलासरी, वारली व कोकणा वस्त्यांत कुटुंबांची यादी करावयास बसलेल्या धर्मशिक्षकाची लेखणी एका रकान्यापाशी हमखास अडते : विवाहाची तारीख. घर आहे, चूल आहे, मुले आहेत. तारीख मात्र नाही. आपल्यापैकी पुष्कळजण त्या रकान्यात मनातल्या मनात ‘पाप’ हा शब्द लिहून पुढे जातात. तो लिहिण्यापूर्वी या रिकाम्या रकान्याचा इतिहास पाहिला पाहिजे, आणि त्या घरातील आईच्या डोक्यावरचे छप्पर कोणाच्या नावे आहे हेही विचारले पाहिजे.

नगर हवेली पोर्तुगीजांकडे 1783 साली आली, दादरा 1785 साली; 1954 मध्ये त्यांची सत्ता संपली आणि 1961 मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात सामील झाला. राज्ये बदलली, सीमा आखल्या गेल्या. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंची सोयरीक एकच राहिली. वारल्यांचा विवाह म्हणजे साऱ्या गावाचा सोहळा. विवाहगीते गाणारी धवलेरी हीच त्यांची पुरोहित. सवाशिणी भिंतीवर चौक ‘लिहितात’ (काढतात असे वारली म्हणत नाहीत, त्यांची नोंदवही ती भिंतच). वधूसाठी देज द्यावयाचे, पाहुण्यांना जेवण व पेय द्यावयाचे. हा खर्च हातावर पोट असलेल्या कुळाने कोठून करावा?

ठाणे जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर सावकार व जमीनदार देत. लग्नासाठी कर्ज घ्यावे आणि ते फिटेपर्यंत धन्याकडे राबावे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. हिशेब धन्याच्याच वहीत, त्यामुळे कर्ज बहुधा फिटत नसे. नवऱ्यामागोमाग बायकोही धन्याच्या घरी राबे आणि तिच्या अब्रूवरही धनी हक्क सांगे. जो विधी स्त्रीला पत्नीचा मान देणार, तोच तिला दास्यात लोटीत होता. 23 मे 1945 रोजी झरी येथे भरलेल्या वारल्यांच्या परिषदेनंतर, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, वेठबिगारी व लग्नगडीची पद्धत या भागात मोडून निघाली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 सालच्या ग्रंथात हा वृत्तान्त दिला आहे. वेठबिगार नष्ट करणारा देशव्यापी कायदा 1976 साली आला. तोवर तीन दशके उलटली होती.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे लग्नाचा विधी लांबणीवर टाकून संसार मांडणाऱ्या जोडप्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. विवाहाविषयी त्यांना अनादर होता असे म्हणवत नाही. तो परवडेपर्यंत ते थांबत. मुलांची लग्ने निघाली की आधी आईबापांचा विधी उरकावयाचा, ही रीत आजही दिसते. पालघर जिल्ह्यातील सामूहिक विवाहांत दोन पिढ्या एकाच मांडवात उभ्या राहतात. झारखंडात विधीवाचून नांदणाऱ्या स्त्रीस ‘ढुकू’ म्हणतात. तेथेही गावजेवणाचा खर्च हेच कारण असते.

परंतु या रीतीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. जमात एकत्र होती, जमीन विकली जात नव्हती, तोवर कोण कोणाची बायको हे गावाला ठाऊक असणे पुरेसे होते. सिल्वासाच्या परिसरात कारखाने आले, जमिनीला किंमत आली आणि कागदाला महत्त्व आले. आता पुरुषाने दुसरी स्त्री आणली, किंवा तो मरण पावून त्याचे भाऊ दारात उभे राहिले, तर गावाच्या आठवणीवर घर टिकत नाही.

अशा स्त्रीविषयी ख्रिस्तसभेने काय केले? इसवी सन 400 मधील तोलेदोच्या धर्मपरिषदेने, पत्नी नसलेला जो पुरुष एकाच स्त्रीबरोबर पत्नीप्रमाणे राहतो, त्यास ख्रिस्तशरीराच्या सहभागापासून दूर ठेवू नये असा नियम केला. त्याच सुमारास संत ऑगस्टिन यांनी विवाहाच्या हिताविषयीच्या ग्रंथात, मरेपर्यंत एकमेकांशी निष्ठा राखणाऱ्या व अपत्य न टाळणाऱ्या जोडप्याच्या नात्यास विवाह म्हणणे कदाचित गैर ठरणार नाही, असे मत मांडले. त्यांची स्वतःची सहचारिणी मात्र मुलगा मागे ठेवून आफ्रिकेस परतली होती. ‘कबुलीजबाबा’त तिचे नाव नाही, आणि तिच्या पोटापाण्याची काय व्यवस्था झाली हेही नाही. अकराशे वर्षांनंतर, 1563 मध्ये, त्रेंत धर्मपरिषदेने धर्मगुरू व साक्षीदार यांच्यासमक्ष विवाह आवश्यक केला. गुप्त विवाह करून स्त्रीला टाकून देणाऱ्यांना आळा घालणे हाही त्यामागील हेतू होता. परंतु त्याच आदेशात विवाहावाचून राहणारी स्त्री तीनदा ताकीद देऊनही ऐकत नसेल तर तिला गावातून वा धर्मप्रांतातून हाकलण्याची तरतूद आहे. हाकललेली स्त्री कोठे राहील, याविषयी तेथे शब्द नाही. हागारला अब्राहामाने निदान भाकर आणि पाण्याची मसक तरी दिली होती.

आजचा देशाचा कायदा या बाबतीत काही पावले पुढे आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही त्या घरात राहण्याचा हक्क दिला. घर तिच्या नावे नसले तरी छळ करून तिला बाहेर काढता येत नाही, आणि न्यायालय निर्वाहखर्चही देववू शकते. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नात्याच्या कसोट्या सांगितल्या : समाजात पती-पत्नी म्हणून वावर, विवाहाचे वय व पात्रता, आणि पुरेशा काळाचा स्वेच्छेचा सहवास. मुलाची पोटगी तर औरस-अनौरस पाहत नाही. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तेथे रूढीच पुढे येते. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, आणि नेमका येथे ‘विवाहित’ हा शब्द आडवा येतो. घरकुलाच्या प्रधानमंत्री आवास योजनेत मात्र घर केवळ स्त्रीच्या नावे देण्यासही वाव ठेवला आहे. अर्ज लिहून देण्यासाठी लोक पुष्कळदा धर्मशिक्षकाकडेच येतात, तेव्हा ही तरतूद त्याला पाठ असावी.

आपल्या हातातील साधनेही थोडी नाहीत. 1983 च्या धर्मसंहितेतील कलम 1071 प्रमाणे, पूर्वीच्या नात्यातून एखाद्या स्त्रीविषयी वा मुलांविषयी ज्याच्यावर नैसर्गिक जबाबदारी आहे, त्याचा दुसरीशी विवाह महागुरूंच्या परवानगीवाचून लावता येत नाही. विधीवाचूनच्या नात्यातूनही कर्तव्य उपजते, याची ही कबुलीच आहे. धर्मग्रामात या कलमाची आठवण विवाहाची घोषणा वाचताना क्वचितच होते. आणि कलम 877 : अविवाहित आईच्या मुलाच्या स्नानसंस्काराची नोंद करताना, बापाने धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर पितृत्व मान्य केल्यास त्याचे नाव वहीत लिहावयाचे असते. ती ओळ लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. पुढे वीस वर्षांनी, बाप हयात नसताना, चुलते घर मागावयास आले, तर त्या मुलाच्या आईला दाखविता येईल असा कागद कदाचित तेवढाच असतो.