चाकांवरचें बिऱ्हाड आणि मुलखाची पाटी

गणपतीपुळ्यास देव स्थिर आहे. देवळामागची अख्खी टेकडीच गणपतीचें रूप मानली जात असल्यामुळें प्रदक्षिणा घालावयाची ती टेकडीभोंवतीं घालावी लागते. फिरणारे ते भक्त, आणि आतां त्यांच्या मोटारी. दिवाळीच्या सुटींत किनाऱ्याजवळच्या मोकळ्या जागेंत नुसत्या नंबरांच्या पाट्या वाचीत गेलें तरी भूगोलाची उजळणी होते : एम. एच. ०८ रत्नागिरीची, एम. एच. ०९ कोल्हापूरची, के. ए. २२ बेळगांवची, जी. ए. गोव्याची. त्यांत अलीकडे एखादी अशीहि गाडी दिसते कीं, जिच्या पोटांत चूल, पाण्याची टांकी आणि दोन माणसांचें अंथरूण सामावलेलें असतें. नोकरींतून मोकळें झाल्यावर राहतें घर भाड्यानें देऊन अशा गाडींत बारा महिने काढणारीं जोडपीं आपल्या देशांत थोडीं, पण आहेत. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, हें त्यांच्या बाबतींत अक्षरशः खरें. मात्र विंचवाला त्याचें राज्य कोणतें हें कोणी विचारीत नाहीं. या बिऱ्हाडास तें विचारलें जातें, आणि उत्तर रुपयांत द्यावें लागतें. हा प्रश्न आला कोठून, तें पाहाण्यासारखें आहे.

गणपतीपुळ्यापासून जवळच कोतवडें नांवाचें गांव आहे. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड येथें पुढें ज्यांनीं राज्य केलें, त्या पटवर्धनांचा मूळ पुरुष हरभट हा या गांवचा; पुळ्याचा गणपति हें त्याचें आराध्यदैवत, अशी परंपरा सांगते. या पटवर्धनी मुलखांतून १९३० च्या सुमारास कोणी मोटारीनें पुळ्याच्या दर्शनास निघालें असेल, तर एका दिवसांत त्याला तीन सत्तांच्या हद्दी लागल्या असतील. सांगली संस्थान सोडलें कीं कोल्हापूर संस्थान, त्यांतच विशाळगडची जहागीर, आणि आंबा घाट उतरला कीं इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा. दक्षिणेकडे वळावें तर सावंतवाडीचें संस्थान. आणि त्यापलीकडे १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचा गोवा. मोटारीविषयींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा; पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानाच्या वेशीवर त्याचा अंमल संपे. मोटार धांवण्याच्या वेगानें आणि राज्य बैलगाडीच्या मापानें, अशी ही विसंगति होती.

१९३९ सालीं नवा कायदा झाला आणि त्यानें एक नियम घालून दिला. एका प्रांतांत नोंदलेली मोटार दुसऱ्या प्रांतांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथें नवा नंबर घेतला पाहिजे. तोच नियम १९८८ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमांत आजहि जसाच्या तसा नांदतो आहे. मूळ नोंदणी साऱ्या देशांत चालते, पण मुक्काम वर्षाहून लांबला तर जुन्या ठिकाणचा ना-हरकत दाखला आणावा आणि नवी पाटी लावावी. हा नियम घडविणारांच्या डोळ्यांपुढें बदली झालेला अंमलदार असावा : एक घर सोडून दुसरें घर करणारा, मध्यें घर नसलेला असा नव्हे. कधींकधीं तर माणूस जागचा हलत नाहीं आणि राज्यच हलतें. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशीं बेळगांव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे मुलूख मुंबई राज्यांतून निघून म्हैसूर राज्यांत गेले. पटवर्धनांची जमखिंडीहि त्यांतच. आदल्या दिवशीं बेळगांवची मोटार पुळ्यास आली तर ती एका राज्यांतच फिरत होती. दुसऱ्या दिवशीं तीच मोटार, त्याच रस्त्यानें, परराज्यांतून आली.

नंबराची पाटी बदलणें हा कटकटीचा भाग. खर्चाचा भाग म्हणजे कर. येथें एका मराठी माणसाची आठवण होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं रस्त्यांच्या विकासासाठीं समिति नेमली गेली आणि पुढच्याच वर्षीं तिचा अहवाल आला. रस्त्यांचा भार प्रांतांना आणि लोकल बोर्डांना पेलवत नाहीं, तेव्हां पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठीं वेगळा काढावा, ही तिची मुख्य शिफारस. तिच्यावरून १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ते-निधि उभा राहिला. या कराचा गुण असा कीं, त्याला पत्ता लागत नाहीं. जो जितकें फिरेल तितकें तेल जाळील आणि तितका कर देईल. मग तो पुळ्यास असो वा पंढरपुरास. परंतु वाहनावरचा कर प्रांतांकडेच राहिला. मुंबई इलाख्यानें १९३५ सालीं त्याचा स्वतंत्र कायदा केला, १९५८ सालीं नवा केला, आणि राज्यघटनेनेंहि हा कर राज्यांच्याच सूचींत, ५७ व्या क्रमांकावर ठेवला. पेट्रोलचा कर चाकांबरोबर फिरतो, वाहनाचा कर उंबऱ्याला बांधलेला असतो. पुढच्या साऱ्या तंट्यांचें मूळ या एका वाक्यांत आहे.

तंटे झालेहि. अजमेर हें एकेकाळीं वेगळें राज्य होतें. तेथल्या बसवाल्यांच्या गाड्या राजस्थानच्या हद्दींतून थोड्याशा अंतरापुरत्या जात, तरी राजस्थान त्यांच्याकडे कर मागे. घटनेनें व्यापार आणि दळणवळण देशभर मोकळें ठेवलें आहे, मग हा कर कसा, असा त्यांचा सवाल. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानच्या बाजूनें निकाल दिला : रस्त्याच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर व्यापाराच्या आड येत नाहीं. मोबदल्याचें हें तत्त्व पन्नासांहून अधिक वर्षें चाललें आणि २०१६ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें तें सोडून दिलें. पण राज्यांचा कर बसविण्याचा अधिकार मात्र शाबूत राहिला.

तोंवर कर वर्षाचा किंवा तिमाहीचा होता, तेव्हां दुसऱ्या राज्यांत जाणाराचें नुकसान बेताचें होई. १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रानें खासगी मोटारींना एकरकमी कर लावला, इतर राज्यांनींहि तीच वाट धरली, आणि हिशेब पालटला. अलीकडच्या दरांनीं बारा लाखांच्या साध्या पेट्रोल-मोटारीस महाराष्ट्रांत शेंकडा १२, म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये भरावे लागतात. कर्नाटकांत याच किंमतीच्या मोटारीस उपकर सोडून शेंकडा १७, म्हणजे २ लाख ४ हजार. जुनी गाडी राज्यांत आणल्यास वयाप्रमाणें सूट मिळते हें खरें. पहिल्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा परतावाहि मागतां येतो. पण आधीं नवा कर रोख भरावयाचा आणि मग जुन्याचा परतावा मागत बसावयाचें, हा क्रम पेन्शनवर जगणाराच्या पोटावर येतो. कर्नाटकानें तर २०१४ सालीं परराज्यांतली गाडी तीस दिवसांहून अधिक राहिली तरी आयुष्यभराचा कर वसूल करण्याची तरतूद केली. २०१६ सालीं तेथल्या उच्च न्यायालयानें ती टिकूं दिली नाहीं. न्यायालय आड आलें नसतें, तर महिनाभर हंपी-बदामी पाहाणाराला सबंध आयुष्याचा कर पडता!

विम्याचा इतिहास त्या मानानें सोपा आणि अधिक माणुसकीचा. मोटारीखालीं सांपडलेल्या त्रयस्थाला भरपाई मिळावी म्हणून विमा सक्तीचा करण्याचें कलम १९३९ च्याच कायद्यांत होतें. त्याचा अंमल १ जुलै १९४६ पासून सुरू झाला. जखमी झालेला मनुष्य कोणत्या राज्याचा, हें या कायद्यानें विचारलें नाहीं. म्हणून त्रयस्थाच्या विम्याचा हप्ता आजहि साऱ्या देशांत सारखा आहे, आणि २०२२ पासून तो केंद्र सरकार ठरवितें. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र नोंदणीचें ठिकाण पाहातो. आठ मोठीं शहरें एका विभागांत, बाकीचा देश दुसऱ्यांत. मुंबई आणि पुणें पहिल्यांत मोडतात. रत्नागिरी दुसऱ्यांत, जेथें हप्ता कमी असतो. नंबर बदलला तर तो विमा कंपनीस कळवून विमापत्रावर शेरा करून घेतलाच पाहिजे. हें काम पैशाचें थोडें, पण अपघातानंतर दावा करतांना याच शेऱ्यावाचून अडतें.

ही अडचण सरकारला दिसली नाहीं असें नव्हे. १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बी. एच.' म्हणजे भारत मालिकेची नोंदणी सुरू झाली. तींत कर दोन-दोन वर्षांचा, पाटी साऱ्या देशाला एक, राज्य बदललें तरी नंबर तोच. अडचण एवढीच कीं ती सैनिकांना, सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी संस्थांच्या नोकरांना मिळते. म्हणजे पुन्हा बदली झालेला अंमलदारच! सेवेंतून निवृत्त होऊन खऱ्या अर्थानें बेघर फिरणारास तिचें दार बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें राज्याच्या आंत कोणत्याहि कचेरींत नोंदणी करण्याची मोकळीक दिली; राज्याराज्यांमधली भिंत तशीच राहिली. महाराष्ट्रानेंहि २०२१ सालीं अशा चाकांवरच्या घरांतून पर्यटन वाढावें म्हणून धोरण जाहीर केलें. पण राज्य ओलांडल्यावर त्या घराच्या नोंदणीचें काय, हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राच्या हातांतला नाहीं.

इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें परगण्यापरगण्याचीं अक्षरें पाटीवर आलीं, पण गाडी कोठेंहि गेली तरी पाटी तीच राहिली. अमेरिकेंत न्यूयॉर्कनें १९०१ सालीं नोंदणी सक्तीची केली आणि तेव्हांपासून राज्य बदललें कीं पाटी बदलावयाची हीच तेथली रीत. पण त्या देशांत फिरस्त्यांची संख्या मोठी असल्यामुळें साउथ डाकोटासारखीं राज्यें त्यांना एका रात्रीच्या मुक्कामावर रहिवासी मानूं लागलीं, आणि टपाल घेण्याचा पत्ता हेंच त्यांचें घर झालें.

आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत गणपतीपुळ्यास उतरलेल्या बिऱ्हाडापुढें एकच व्यवहारी मार्ग उरतो : मूळ नोंदणी जेथली आहे तेथला पत्ता कोणा मुलाच्या किंवा भावाच्या घरीं जिवंत ठेवावयाचा, कोणत्याहि परराज्यांत सलग वर्ष काढावयाचें नाहीं, आणि टोलनाक्यांच्या, पेट्रोलच्या, धर्मशाळांच्या पावत्या तारीखवार एका पुडक्यांत बांधून ठेवावयाच्या. हद्दीवर निरीक्षकानें गाडी थांबविली, तर बारा महिने भरलेले नाहींत हें दाखविण्यास तेंच पुडकें उपयोगीं पडतें.