बाउंड की अनबाउंड? सामायिक डेटाबेसमधील फॉर्मची निवड

निफाड तालुक्यातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांमागे नोंदींची एक साखळी असते. बागेची कृषी विभागाकडील नोंदणी, कीडनाशकांच्या अंशांचा प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउसमधील माल आणि अखेरीस वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. 'अपेडा'च्या 'ग्रेपनेट' या प्रणालीत या नोंदी निरनिराळ्या ठिकाणांहून निरनिराळी माणसे करतात. एका बागेचा अहवाल दुसरीच्या नावे पडल्यास निर्दोष मालही अडकू शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. नोंदींच्या अचूकतेचे मोल यावरून ध्यानात यावे.

सामायिक डेटाबेसमध्ये नोंद करण्याचा पडदा म्हणजे फॉर्म. १९९२ मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसने लहान कार्यालयांत रुळवलेला प्रकार म्हणजे बाउंड फॉर्म. यातील रकाने थेट टेबलाशी जोडलेले असतात. पुढच्या नोंदीवर गेले किंवा फॉर्म बंद केला, की बदल आपोआप जतन होतो. प्रोग्रॅमिंग जवळजवळ लागत नाही. अनबाउंड फॉर्मचे रकाने मात्र मोकळे असतात. माहिती आणणे, तपासणे व लिहिणे ही कामे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या सूचनांनी होतात. ब्राउझरमधील फॉर्मही याच जातीचे. 'जतन करा' हे बटण दाबेपर्यंत मूळ टेबलाला त्यांचा पत्ताही नसतो.

बाउंड फॉर्मविरुद्धच्या तक्रारी खोट्या नाहीत. तो उघडा असेपर्यंत सामायिक फाइलशी संबंध जोडलेला राहतो. मध्येच नेटवर्क तुटले किंवा भारनियमनात सर्व्हर बंद पडला, तर फाइल बिघडण्याचा धोका असतो. ॲक्सेस २००० पूर्वी लॉक एका नोंदीवर नव्हे, तर २ किलोबाइटच्या पानावर बसत असे. त्यामुळे शेजारची नोंदही अडकून पडे.

म्हणून अनबाउंड अधिक सुरक्षित, असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. समजा, दोन कारकुनांनी एकाच बागेची नोंद उघडली. एकाने क्षेत्र दुरुस्त करून जतन केले. दुसऱ्याने काही वेळाने अहवालाचा क्रमांक भरला. बाउंड फॉर्म दुसऱ्याला बजावतो, की नोंद मधल्या काळात बदलली आहे. निष्काळजीपणे लिहिलेला अनबाउंड फॉर्म मात्र सर्व रकाने जसेच्या तसे परत लिहितो. जुने क्षेत्र पुन्हा येऊन बसते आणि कोणाला कळतही नाही.

तीन-चार संगणकांच्या, एकाच खोलीतील कार्यालयाला बाउंड फॉर्म पुरतो. टेबले सर्व्हरवर, फॉर्मची फाइल प्रत्येक संगणकावर वेगळी आणि फॉर्म उघडताना सारे टेबल नव्हे, तर हवी ती एकच बाग, एवढे पथ्य पाळावे. बिनतारी नेटवर्कवरून सामायिक ॲक्सेस फाइल चालवणे मात्र टाळावे. माणसे अनेक गावांत असतील, तर अनबाउंड फॉर्मला पर्याय नाही. पण मग प्रत्येक नोंदीत आवृत्तीचा क्रमांक ठेवावा. लिहिताना 'आवृत्ती तीच असेल तरच बदला' अशी अट घालावी. बदललेल्या नोंदींची संख्या शून्य आली, तर जतन न करता नवी नोंद वापरणाऱ्यासमोर पुन्हा मांडावी.