मेरीगोल्ड : मरियेच्या नावाचे फूल

इंग्रजीत झेंडूला ‘मेरीगोल्ड’ म्हणतात. या नावातील ‘मेरी’ म्हणजे बहुधा धन्य कुमारी मरियाच. मात्र हे नाव मूळचे झेंडूचे नव्हे. प्राचीन इंग्रजीत एका सोनेरी फुलाला नुसते ‘गोल्डे’ म्हणत. चौदाव्या शतकातील कवी जेफ्री चॉसर याने मूर्तिमंत मत्सराच्या मस्तकी हार चढविला तो याच ‘गोल्ड’ फुलांचा, आणि तेथे मरियेचे नाव नाही! उत्तर मध्ययुगात त्याआधी ‘मेरी’ जोडले गेले. ते फूल म्हणजे मुख्यतः युरोपातील कॅलेंडुला होय.

झेंडू मूळचा मेक्सिको परिसरातील. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये मेक्सिको जिंकल्यानंतर तो युरोपात पोहोचला. रूपरंगाच्या साम्यामुळे इंग्रजांनी मरियेचे नाव त्यालाही दिले. म्हणजे आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणात झळकणाऱ्या या फुलाचे इंग्रजी नाव उसने आहे. त्याच्या दोन जातींना ‘आफ्रिकन’ व ‘फ्रेंच’ म्हणतात, तेही चुकीनेच. दोन्ही अमेरिका खंडातल्या. कॅलेंडुला आणि झेंडू निदान एकाच, सूर्यफुलाच्या कुळातले आहेत. पाणथळ जागी उगवणारे ‘मार्श मेरीगोल्ड’ तर त्या कुळातीलही नाही.